चादरीखालचा सौदा

शालनचं मंगळसूत्र आखूड झालं, तिथून हे सुरू झालं. दोन महिने ती कुरकुरत होती की वाट्या गळ्याशी टोचतात, दोरा आटला असेल. मी म्हटलं, दोरा आटत नसतो, तू जाड झालीस. त्यावर तिनं दोन दिवस माझ्या चहात साखर कमी घातली. मग एका रविवारी, जुईनगरच्या आमच्या खोलीत ती खिडकीशी उभी राहून पाणी पीत होती. तिनं मान मागे टाकली आणि मला दिसलं. गळ्याच्या उजव्या बाजूला लिंबाएवढं काहीतरी घोटाबरोबर वर गेलं आणि खाली आलं.

वाशीतल्या डॉक्टरांनी आधी हातानं चाचपलं, मग सुई घालून तपासलं आणि सांगितलं की थायरॉईडची गाठ आहे. वाईट नाही, पण वाढतेय आणि श्वासनळीला रेटतेय, काढलेली बरी. ही नोव्हेंबर १९९४ ची गोष्ट. आमची उज्वला तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. तिला शेजारी ठेवलं. खांदेश्वरला शालनची बहीण असते, सगुणा. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत, म्हणून रात्री सगुणा आणि दिवसा मी अशी वाटणी झाली. मी गाळ्यावर आठवड्याची सुटी सांगितली.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका अडत्याच्या गाळ्यावर सौदे करायचो. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर उतरतो, घेणारे व्यापारी येतात, कांदा दाबून बघतात, वास घेतात आणि भाव मात्र तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि मी हातात हात देतो, वर रुमाल टाकतो आणि रुमालाखाली बोटांनी बोलतो. याला हत्ता म्हणतात. भोवती दहाजण माना वाकवून उभे असले तरी आकडा आम्हा दोघांतच राहतो. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. पंजा दाबून मग एक बोट धरलं की सहा. पटलं नाही तर मी समोरच्याच्या तळव्यावर अंगठा घासतो, म्हणजे वर चढ. पटलं तर पंजा आवळून दोनदा दाबायचं, मग सौदा फिरत नाही. आकडा कशाचा हे हात सांगत नाही. ते माल बघून दोघांनाही आधीच ठाऊक असतं.

मी कायम शेतकऱ्याच्या बाजूचा. माझं काम एकच, आकडा वर नेणं. घेणाऱ्याच्या बोटांत अजून ढिलाई आहे की तो शेवटाला आलाय, हे मला कळायचं. शेवटाला आलेल्या माणसाची बोटं कोरडी आणि ताठ होतात. तोवर मी कधी दाबायचो नाही. कोरेगावकडचे शेतकरी माझं नाव विचारत गाळ्यावर यायचे आणि मला त्याची चांगलीच घमेंड होती. डोळे बांधून नुसत्या पकडीवरून पन्नास व्यापारी ओळखून दाखवीन असं मी चहाच्या टपरीवर सांगायचो, आणि एकदा पैज लावून एकोणपन्नास ओळखलेही होते.

ऑपरेशन मंगळवारी झालं आणि सुरळीत झालं. आत नेण्याआधी सिस्टरनं मंगळसूत्र काढायला लावलं. शालननं ते माझ्या हातात देताना दुसरीकडे बघितलं. दोन तासांनी डॉक्टरांनी मला बाटलीतली गाठ दाखवली. मी ती नीट बघितली, थँक्यू म्हटलं आणि बाहेर जाऊन ओकलो. सडक्या कांद्याच्या वासात अर्धा जन्म काढलेला माणूस.

नर्सिंग होमचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. सहा खाटा, हिरवे पडदे, फिनेलचा वास. खिडकीबाहेर रिकामे प्लॉट, त्यात साचलेलं पाणी आणि उंच वाढलेली पाणकणसं. शालनची खाट भिंतीकडची. पलीकडच्या खाटेवर सानपाडा गावातल्या धोंडूबाई होत्या. साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. म्हातारीला झोप कमी आणि नजर फार. कोण काय खातंय, कोणाला भेटायला कोण आलं, सगळं त्यांना पाठ. शालनच्या गळ्याला पट्टी होती आणि आवाज बसला होता. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास ती कुजबुजली, "अवं, बोटांला मुंग्या यायल्यात. ओठाला बी."

"पडून पडून आल्या असतील," मी म्हटलं.

"जरा चोळा की."

आता भर वॉर्डात, चार बायकांसमोर बायकोचा हात हातात घेऊन बसायचं म्हणजे आमच्याकडच्या माणसाला जड जातं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण चारचौघांत मी तिचा हात धरल्याचं मला आठवत नाही. धोंडूबाई टक लावून बघत होत्याच. मी स्टूल खाटेला लावलं, पेपर उघडून मांडीवर धरला आणि दुसरा हात हळूच चादरीखाली सरकवला. तिचा हात गार होता. मी बोटं चोळत राहिलो. थोड्या वेळानं तिचे डोळे मिटले, श्वास एकसारखा झाला. मी बातमी वाचत होतो, कुठल्याशा पुलाची.

आणि चादरीखाली तिच्या हातानं माझी दोन बोटं धरली.

नुसती धरली नाहीत. तर्जनी आणि मधलं बोट एकत्र करून, मुळाशी, एक दाब देऊन धरली आणि हात थांबला. घेणारा धरतो तशी. मी हसलो. हात झोपेत काहीही करतो. पण वीस वर्षांची सवय म्हणा, माझा अंगठा आपोआप तिच्या तळव्यावर घासला गेला. वर चढ.

हात क्षणभर थबकला. मग त्यानं माझी तीन बोटं धरली.

मी हात ओढून घेतला. चादर वर करून बघितलं. शालन गाढ झोपली होती. तिचा हात मनगटात वाकलेला होता, चारही बोटं सरळ आणि एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत मुडपलेला. रुमालाखाली हात घालताना घेणारा नेमका असाच हात पुढे करतो. मी तो सरळ करायला गेलो तर होईना, लाकडासारखा कडक होता. मी सिस्टरला हाक मारली.

संध्याकाळी पाचला डॉक्टर आले, बरोबर एक शिकाऊ डॉक्टर. त्यांनी शालनच्या गालावर कानापुढे बोटानं टकटक केलं, तसा तिचा ओठ एका बाजूला उडाला. मग दंडाला बी.पी.चा पट्टा बांधला, हवा भरली आणि तशीच ठेवली. आम्ही सगळे तिच्या हाताकडे बघत उभे राहिलो. तीन मिनिटांच्या आत मनगट वाकलं, बोटं चिकटली, अंगठा आत गेला. डॉक्टर शिकाऊ पोराला म्हणाले, "क्लासिकल." मग माझ्याकडे वळले. "घाबरू नका. थायरॉईडच्या मागं चार बारीक ग्रंथी असतात, तुरीच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसतो, मग कॅल्शियम उतरतं आणि हात असे वळतात. इंजेक्शन देऊ, गोळ्या चालू करू. आठवड्यात जाग्या होतील. टेन्शन घेऊ नका."

हवा सोडली, हात सुटला. शिरेतून इंजेक्शन हळूहळू दिलं आणि तासाभरात मुंग्या गेल्या. मला इतकं हलकं वाटलं की खाली जाऊन मी दोन वडापाव खाल्ले. आकडे बोटांत नव्हतेच, ते माझ्या डोक्यात होते. शिंप्याला जो तो माणूस मापात दिसतो, तसं माझं झालं होतं.

गुरुवारी सकाळी गेलो तर सगुणा डबा धुवायला गेली होती. धोंडूबाईंनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"पोरा, एक ईचारू?"

"विचारा ना."

"तू नाय तवा तिचा हात चादरीखाली कोन धरतं?"

"कोण धरणार? तिची बहीण असेल."

"तिची बहीन खाली निजते. मी जागीच असतंय, मना झोप कुठं हाय." त्यांनी शालनच्या खाटेकडे बोट केलं. "चादर अशी वर-खाली होतं. दोन हात असल्यावानी."

"आजी, तिला कॅल्शियमचा त्रास आहे. हात आपोआप वळतो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. पण त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पोटावर, चादरीच्या वर ठेवले होते. पुढचे सगळे दिवस मी ते तसेच बघितले.

शालन उठल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला आमचा हत्ता येतो का गं?"

"मला काय ठावं तुमचं बोटांचं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी कधी आलेय का मार्केटात?" ते खरंच होतं. तिनं वाशीचं मार्केट बसच्या खिडकीतूनच बघितलेलं.

दुपारी पुन्हा मुंग्या आल्या. या वेळी मी लाज बाजूला ठेवली आणि तिचा हात चादरीवर, उघड्यावर घेऊन चोळला. काही झालं नाही. हात तिचाच होता, पोळपाट-लाटण्यानं तळव्याला घट्टे पडलेला, करंगळीला भाजल्याचा डाग असलेला. दहा मिनिटं चोळला. तिला झोप लागली. मग मी ते केलं जे शहाण्या माणसानं करायला नको होतं. तिचा हात चादरीखाली ठेवला आणि माझाही मागोमाग नेला. नुसतं मन निवांत करायला.

बोटं लगेच आली. चार.

तीन नाही, दोन नाही. काल जिथं मी सोडलं होतं त्याच्या पुढचा आकडा.

बोटं शालनची होती, याबद्दल मला शंका नाही. घट्टे होते, डाग बोटाला लागत होता. पण दाब तिचा नव्हता. पकडीत एक सावकाशपणा होता, घाई नसलेल्या माणसाचा. मी पन्नास पकडी ओळखतो. ही मी कधी हातात घेतलेली नव्हती. तरीही माझा अंगठा घासलाच. सगळा पंजा धरला गेला. पाच.

"मिस्टर, टाइम झाला," सिस्टर मागे उभी होती. "ड्रेसिंग करायचं आहे. बाहेर थांबा."

मी हात काढला.

शुक्रवारी दुपारी मी मार्केटला गेलो. सगुणाला सांगितलं की गाळ्यावर काम आहे, तू थांब. काम काही नव्हतं. हळव्या कांद्याचा हंगाम नुकता लागला होता, ट्रका उभ्या होत्या, पायाखाली सालींचा थर. धर्मराज गोण्यांवर बसून तंबाखू मळत होता. आमच्या शेजारच्या गावचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माथाडी कामगार. मुंबईतलं जुनं मार्केट, इथलं नवं, सगळं त्यानं पाठीवरून वाहिलेलं. रुमालाखालचे कायदे त्याच्याइतके कुणाला माहीत नव्हते.

मी विचारलं, "धर्मादा, अर्ध्या सौद्यात कुणी हात काढून घेतला तर?"

"आता कुनी काढत न्हाई."

"पूर्वी?"

"पूर्वी काढला तर समोरच्याचा जो आकडा शेवटचा, तो पक्का. मग बोंबलत बस." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "का रं?"

"आणि माल कुठला हे न बघताच हात दिला असेल तर?"

"माल न बघता हात कोन देतं?"

"समज दिला."

"तर मग त्याला ठावं असतं, कशाचा सौदा हाय ते. तुला ठावं नसलं म्हनून काय झालं." तो उठला, पाठीवरचं पोतं सारखं केलं. "शालनचं कसं हाय?"

मी बरं आहे म्हटलं आणि रिक्षा केली. मार्केटपासून नर्सिंग होमपर्यंत मी कधी रिक्षानं गेलो नव्हतो, चालत वीस मिनिटांचं अंतर. सिग्नलला थांबलो तेव्हा मी स्वतःला समजावत होतो की बी.पी.चा पट्टा बांधला तरी तसंच होतं, डॉक्टरांनी सगळ्यांसमोर करून दाखवलंय, धोंडूबाईंची नजर म्हातारी आहे. सगळं पटत होतं. तरी मी रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, जरा लवकर. पाच पक्के झाले असतील तर कशाचे पाच, एवढंच डोक्यात फिरत होतं.

वॉर्डात शिरलो तेव्हा दुपारचे चार वाजायला आले होते. सगुणा दारातच भेटली. "भावजी, ताईला बघा की, कशी करायलीय."

शालन उशीला टेकून बसली होती. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. दोन्ही मनगटं वळलेली. पायांची बोटंही खाली वाकलेली. तिचे डोळे मोठे झाले होते आणि ते सरळ माझ्याकडे होते.

सिस्टर धावत गेली. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. शिकाऊ डॉक्टर खालच्या मजल्यावर. सगुणाला मी त्याला आणायला पिटाळलं.

शालननं श्वास ओढला. शिट्टी बारीक झाली.

मला भीती वाटली. ती मरेल अशी, माझ्यासमोर, चारच्या उन्हात. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी स्टुलावर बसलो नाही, गुडघे टेकले आणि चादरीखाली हात घातला.

तो तिथं होता. वाट बघत असल्यासारखा.

पाच.

मी घासलं.

सहा. मी घासलं. जोरात घासलं, तिच्या तळव्याची साल निघेल इतकं.

थोडा थांबला. सात.

धोंडूबाई पलीकडून पुटपुटत होत्या. त्यांच्या गावदेवीचं नाव मला मधूनमधून ऐकू येत होतं.

मी घासलं. आठ.

शालनचे ओठ निळे दिसायला लागले होते. शिट्टी आता येतच नव्हती. नुसती छाती हलत होती आणि गळ्याची पट्टी आत ओढली जात होती.

मी घासलं.

नऊ.

बोटं कोरडी नव्हती. ताठही नव्हती. मला कळलं की हा शेवटाला आलेला नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं.

मी पंजा आवळला आणि दोनदा दाबलं.

चादरीखालचा हात सैल पडला. शालनच्या घशातून एक मोठा, ओला श्वास आत गेला, मग दुसरा. शिकाऊ डॉक्टर धावत आला, सिस्टरनं त्याच्या हातात इंजेक्शन दिलं. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. माझा हात नाकाशी नेला तर त्याला कसलाच वास नव्हता. कांद्याचासुद्धा नाही. वीस वर्षांत हे पहिल्यांदा.

डॉक्टर नंतर म्हणाले की वेळेवर इंजेक्शन मिळालं. मी विचारलं, पण श्वास आधी सुटला ना? सुई टोचायच्या आधी? ते म्हणाले, सकाळच्या गोळ्या लागू पडल्या असतील, शिवाय घाबरलेल्या माणसाला वेळ नीट आठवत नाही. ते चांगले डॉक्टर होते आणि त्यांचं बरोबरच असेल. सिस्टरलाही इंजेक्शन आधी दिल्याचं आठवत होतं. धोंडूबाईंना मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला सांगून खाट बदलून घेतली.

त्यानंतर शालनचे हात कधी वळले नाहीत.

मला मात्र चैन पडेना. नऊ तास उलटले तेव्हा मी नर्सिंग होमच्या पायरीवर बसून होतो. काही झालं नाही. नऊ दिवस झाले तेव्हा ती घरी येऊन भाकऱ्या करत होती. मी सुटी काढून तिच्या मागंमागं फिरलो. तिला वाटलं प्रेम उतू चाललंय. नऊ आठवड्यांनंतर संक्रांत झालेली होती. नऊ महिने पावसाळ्यात भरले. त्या दिवशी मी तिला घराबाहेर पडू दिलं नाही, गॅसला हात लावू दिला नाही, जेवण मी केलं आणि ते करपलं. रात्री बाराचा ठोका झाला. ती शेजारी घोरत होती. मी रडलो, इतकं बरं वाटलं. आणि त्याच क्षणी मला समजलं की आता एकच माप उरलंय.

नऊ वर्षं म्हणजे उज्वला सोळाची असेल. हा हिशेब मी बसमध्ये करतो, दाढी करताना करतो. मग दुसरा विचार येतो की मी कोणाच्या बाजूनं बसलो होतो तिथं? शेतकऱ्याच्या बाजूनं बसायची सवय म्हणून आकडा वर नेत गेलो. पण मला मिळणारं काही वर नेत होतो की मला द्यावं लागणारं? हे मी कुणाला विचारणार? आणि सगळ्यात वाईट विचार सकाळी चहा पिताना येतो. त्याच्या बोटांत ढिलाई होती. मला ती कळली होती. परक्या शेतकऱ्याच्या कांद्यासाठी मी कधी घाई केली नाही, आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी घाबरून दाबून टाकलं.

सौदे मी सोडले. रुमालाखाली हात घालवेना. मालकांना वाटलं मला दुसऱ्या गाळ्यानं फोडलं. आता मी मार्केटच्या वजनकाट्यावर असतो. ट्रक येतो, काटा हलतो, मी आकडा मोठ्यानं ओरडून सांगतो. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

यातलं एक अक्षर मी शालनला सांगितलं नाही. चादरीखाली काय चाललं होतं ते ना तिला सांगितलं, ना सगुणाला. धर्मराज तर गावी गेला आणि तिकडेच वारला. शालनचा आवाज थोडा घोगरा राहिला. सकाळ-संध्याकाळ कॅल्शियमची गोळी घेते. बाकी तिला काही नाही. गळ्यावर बारीक रेघ आहे, ती मंगळसूत्रात झाकली जाते.

हे १९९९ चं साल आहे. उज्वला सातवीत गेलीय, आईपेक्षा बोटभर उंच झालीय. गेल्या रविवारी दुपारी ती वही घेऊन माझ्यापाशी आली. शाळेत विचारलं होतं, मोठेपणी कोण होणार. "पप्पा, नर्स व्हायला बारावी लागते ना? बारावीला मी किती वर्षांची असेन?" मी म्हटलं, "सतरा संपून अठरा." तिनं ते लिहिलं, वही तिथंच टाकली आणि मैत्रीण हाक मारत होती म्हणून खाली पळाली.

शालन जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. खिडकीतून ऊन येत होतं. बराच वेळ नुसता देठ तुटल्याचा आवाज येत राहिला.

"अवं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी नऊवर कशाला दाबलात?" तिनं मान वर केली नाही. भाजी महाग आणली की बोलते, त्याच आवाजात, रागानं नाही. "तो अकरापर्यंत आला असता."

तिनं एक जुडी संपवली, दुसरीचा दोरा सोडला.

"उजीची बारावी तरी झाली असती."